ईशान्येचं पाणी

२५ ऑगस्ट, रविवार

"हेमगिरी लेआउटच्या रहिवाशांनो! घरं एक्केचाळीस आणि गाऱ्हाणं एकच. पाऊस पडतो अर्धा तास आणि पाणी राहतं चार तास. आपण वर्षानुवर्षं घरपट्टी भरतो आणि नगरसभा आपल्याला देते काय? हातभर रुंदीचं गटार! ज्यात मांजर अडकतं, त्यात मेघराज मावेल कसा?"

अध्यक्षीय भाषणाची ही सुरुवात सकाळी लिहिली. काल रहिवासी संघाची निवडणूक झाली. विरोधात कुणी उभं राहिलं नाही, म्हणून मी अध्यक्ष. बत्तीस वर्षं कॉलेजात कन्नड शिकवलं, त्यामुळे बोलण्याचं भय नाही. 'मेघराज' ठेवावा की काढावा, एवढंच ठरत नाही.

ह्यांना वाचून दाखवलं. हे मागच्या परसात वालाच्या वेलाला काठी बांधत होते.

"छान आहे," म्हणाले. "मागच्या वेळचंही छान होतं."

"मागच्या म्हणजे कधीच्या?"

"पहिल्या सभेच्या."

म्हणजे सव्वीस वर्षांपूर्वीच्या, प्लॉट वाटले तेव्हाच्या. चांगलं भाषण माणसाच्या मनात किती काळ राहतं!

जिन्याखाली तीन लांब पाइप पडले आहेत. दोन वर्षं झाली, केर काढताना अंगावर येतात. आज पुन्हा विचारलं, कशाला आणलेत? "लागतील," म्हणाले. चाळीस वर्षं पोस्टात लोकांची पत्रं पोचवली, पण स्वतःचं म्हणणं काही दोन ओळींपलीकडे गेलं नाही.

२९ ऑगस्ट, गुरुवार

दुपारी चारला पाऊस आला, पाऊण तास पडला. अध्यक्षानं जागेवर जाऊन पाहावं म्हणून छत्री घेऊन एक्केचाळीस नंबरपर्यंत गेले. आमची सगळी घरं एका रांगेत, पूर्वेच्या रस्त्याकडे तोंड करून. रस्ता उत्तरेला उतरतो आणि सगळ्यात शेवटी, खालच्या कोपऱ्यात साकम्माचं घर.

तिच्या ओसरीवर घोटाभर पाणी होतं. आत तिचे यजमान चन्नबसवय्या खाटेवर पडून. शाळेत चित्रकला शिकवायचे. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. खाटेच्या प्रत्येक पायाखाली दोन दोन विटा होत्या.

"मागच्या वर्षी एकच होती," साकम्मा खराट्यानं पाणी लोटत म्हणाली. "बसा अक्का. नाही, नको, खुर्ची ओली आहे. उभ्याच राहा."

"साकम्मा, मी हे गटार तीन फूट रुंद करून घेतल्याशिवाय राहणार नाही."

"घ्या करून."

"तुमचा विश्वास दिसत नाही."

"मुलगी म्हणते, घर विकून तुमकुरूला ये. मी म्हणते, विकत घेणारा पावसात बघायला आला तर?" ती हसली. "हा प्लॉट आम्ही बदलून मागणार होतो, आठवतं? खोलगट आहे म्हणून. तुम्हीच बदलू दिला नाहीत."

मला आठवत नाही. पण सल्ला चुकीचा नव्हता. साऱ्या लेआउटच्या ईशान्य कोपऱ्यातला प्लॉट, ह्याहून शुभ जागा कोणती? दोष जागेचा नाही, नगरसभेचा आहे.

१ सप्टेंबर, रविवार

भाषणासाठी पुरावे गोळा करायला घरांच्या मागे गेले. पश्चिमेला, सगळ्यांच्या परसांच्या भिंतींपलीकडे जुना कालवा आहे. पुरुषभर खोल, दगडांनी बांधलेला. तो खाली तळ्याला मिळतो. आठवडाभर पाऊस पडूनही तळाशी टाचभर पाणी. पोरं त्यात क्रिकेट खेळत होती.

काठावर दोड्डय्या अज्जा बसले होते. तळ्याचं दार उघडून शेतांना पाळीपाळीनं पाणी सोडणारे ते शेवटचे पाटकरी. आता शेतंही नाहीत आणि पाळीही नाही, पण पाऊस पडला की अजून काठी घेऊन कालव्यावर येतात.

"काय बघताय अज्जा?"

"पाणी येतंय का बघतोय."

"पाऊसच कमी झालाय हल्ली."

"पाऊस तेवढाच आहे, अम्मा. तळं भरून सांडव्यावरून वाहिलं, गंगम्माची पूजा झाली, त्याला वीस-बावीस वर्षं झाली. तुमची घरं झाली त्याच्या आसपास."

"हवामान बदललं आहे, अज्जा. साऱ्या जगात बदललं आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आमच्या भिंतींकडे पाहिलं. "असेल," म्हणाले.

टिपून ठेवलं: (१) हवामानबदल. (२) नगरसभा दर वर्षी ह्या कोरड्या कालव्यातला गाळ काढते, तो कोणता गाळ? दुसरा मुद्दा टाळ्या घेईल.

६ सप्टेंबर, शुक्रवार

गौरी. साकम्मा सुपातलं वाण घेऊन आली. बांगड्या, हळदकुंकू, खोबरं, डाळ, सगळं नीट लावलेलं. निऱ्यांना चिखल होता. तिला पुरणाचे कडुबू दिले. माझ्या भाषणाच्या कार्यक्रमाला येणार का विचारलं, तर म्हणाली, "ह्यांना एकटं ठेवून कशी येऊ? तुमचं भाषण घरात ऐकू येतंच, अक्का. लाउडस्पीकर नसला तरी."

१२ सप्टेंबर, गुरुवार

नगरसभेची इंजिनिअर आली. नाव भव्या, वय तिशीच्या आत, चिखलाचे बूट. बरोबर एक माणूस आणि तिपाईवरची दुर्बीण. गंमत म्हणजे ऐन पावसात आली. छत्री न उघडता रेनकोटात रस्त्यानं वरपासून खालपर्यंत चालत गेली आणि वहीत रेघा मारत राहिली. पाऊस थांबल्यावर आमच्या फाटकात आली. तोवर दहा-बारा लोक जमले होते.

"मॅडम, हे गटार फक्त रस्त्याच्या पाण्याचं आहे," ती म्हणाली. "ह्यात एकोणचाळीस गच्च्यांचं पाणी येतंय. अंगणांचं वेगळंच."

"मग पाणी जायचं कुठं?"

"मागं. मूळ उतार पश्चिमेला आहे. कालवा त्यासाठीच होता. तुम्ही सगळ्यांनी मागं भराव टाकून प्लॉट पुढं कलवले आहेत. एक सात नंबर सोडून."

सात नंबर डिसोझांचं. त्यांना वास्तुशास्त्राचं काय?

"आणि एक्केचाळीस?"

"एक्केचाळीसला मागं-पुढं काही उरलं नाही, मॅडम. तिथं सगळंच येतं."

"भव्या," मी म्हणाले, "तुला वाडवडिलांची काठी टेकून उभं राहायला आवडेल की त्याच काठीनं त्यांना झोडायला?" मग मी दहा मिनिटं बोलले. नागरिकांनी तक्रार करावी आणि सरकारनं नागरिकाच्याच घरात दोष शोधावा, ही रीत कुठली? आमच्या पूर्वजांनी दिशा पाहून घरं बांधली, तेव्हा तुमचं खातं जन्मलं होतं का? लोकांनी टाळ्या वाजवल्या. बँकेतले गुरुसिद्धप्पा म्हणाले, "अक्का, अजून तोच आवाज!"

ती पोरगी शांतपणे ताक प्यायली. जाताना म्हणाली, "मोठं गटार करता येईल. त्यासाठी रस्त्याकडेचे बावीस करंज तोडावे लागतील. पण पाणी एक्केचाळीसलाच जाईल. फक्त लवकर जाईल."

उद्धट नव्हती. पण विद्या आणि विनय ह्यांची गाठ नेहमी पडतेच असं नाही.

२० सप्टेंबर, शुक्रवार

मोठ्या गटाराच्या अर्जावर चाळीस सह्या झाल्या. एकटी साकम्मा करत नाही. जिच्यासाठी हे सगळं चाललंय तीच!

"मोठं गटार आलं तर माझ्याच दारात मोठं होऊन येईल, अक्का."

"मग तुम्हाला हवंय काय?"

ती यजमानांना नाचणीच्या उकडीचे रागी मुद्दे भरवत होती. छोटे गोळे करून सारात बुडवून, एक एक. पदरानं त्यांचं तोंड पुसलं. मग म्हणाली, "विटा संपल्या. गुरुसिद्धप्पांच्या बांधकामावरच्या चार आणल्यात. त्यांना सांगाल का?"

आता तीन तीन झाल्या. माणूस फार वर गेला की भरवायला हात पुरत नाही, म्हणून ती पाटावर उभी राहते.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

आयुधपूजा. सकाळी स्कूटर, शिवणयंत्र, ह्यांची कुदळ, माझी पेनं, सगळ्यांची पूजा केली. स्कूटरला शेवंतीचा हार मी स्वतः गुंफला. पांढरा दोरा संपला होता म्हणून निळ्या लोकरीत. दारोदार कुंकू भरलेले कोहळे फुटले.

पाचला पाऊस सुरू झाला, साडेसहापर्यंत थांबला नाही. एक्केचाळीसमध्ये गुडघाभर पाणी शिरलं. तीन विटा बुडाल्या. गुरुसिद्धप्पांनी, ह्यांनी आणि आणखी दोघांनी मिळून चन्नबसवय्यांना उचलून जेवणाच्या टेबलावर ठेवलं. घरात त्याहून उंच काही नव्हतं. पाण्यावर रस्त्यावरची सगळी पूजा तरंगत होती. कोहळ्याच्या फोडी, झेंडू, केळीची पानं. खाटेच्या पायाला एक हार गुंडाळला होता, निळ्या लोकरीचा. किती दूर आला, असं वाटलं.

आणि तेव्हाच एक विलक्षण गोष्ट घडली. दोन वर्षं ज्यांच्या तोंडून 'आ' पलीकडे काही निघालं नाही, ते चन्नबसवय्या टेबलावर पडल्या पडल्या स्पष्ट म्हणाले,

"ईशान्येला वाट द्या, गंगा दारी येईल."

एक अक्षर चुकलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणे, बोलणं गेलं तरी पाठ केलेलं कधीकधी राहतं. ती ओळ माझी आहे! पहिल्या सभेत मी रचून म्हटली होती, साऱ्या सभेनं माझ्यामागून तीनदा म्हटली होती. सव्वीस वर्षं त्या माणसानं ती जपली.

मी साकम्माला म्हणाले, "ऐकलंत? बोलले!"

ती पाणी उपसत होती. उचलणारे चौघे खाली पाण्याकडे बघत होते. घरी येताना हे बोलले नाहीत, पण हे तर कधीच बोलत नाहीत.

१२ ऑक्टोबर, शनिवार

विजयादशमी. झोप नीट झाली नाही. त्या ओळीच्या पुढं मी काय बोलले होते, ते आठवत होते. आठवलं.

१३ ऑक्टोबर, रविवार

आठवलं ते असं. प्लॉट नुकतेच वाटले होते. सभा मोकळ्या माळावर होती, सतरंजीवर. काही जण म्हणत होते, जमीन मागं उतरते, कालवा मागं आहे, पाणी मागं सोडू. मी उठले आणि सव्वा तास बोलले. नैऋत्य उंच हवी, ईशान्य सखल हवी. घराचं पाणी नैऋत्येला सोडणारा घराचं भाग्य सोडतो. संस्कृत सांगितलं, कन्नड सांगितलं, ओळ म्हणवून घेतली. दुसऱ्या आठवड्यात सगळे तळ्यातली माती ट्रॅक्टरनं आणून परसात भराव घालू लागले. चन्नबसवय्या प्लॉट बदलायला आले, त्यांना मी सगळ्यांदेखत सांगितलं, "गुरुजी, साऱ्यांचं भाग्य वाहत तुमच्या दारी येणार आणि तुम्ही दार बदलता?" लोक हसले होते. तेही हसले होते.

ते भाषण वाईट नव्हतं. हीच अडचण आहे. वाईट असतं तर सात नंबरसारखी बाकीची घरंही शहाणी राहिली असती.

दुपारी ह्यांना विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"हं."

"कधीपासून?"

"चन्नबसवय्यांना झटका आला, त्या पावसापासून. अ‍ॅम्ब्युलन्स फाटकापर्यंत येईना."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलत होतीस."

थोड्या वेळानं मी म्हटलं, "जिन्याखालचे पाइप—"

"त्याचेच आहेत. गच्चीचा पाइप खाली कापायचा, भिंतीच्या कडेनं मागं न्यायचा. साठ फूट. तीन पाइप, दोन बेंड."

"मग बसवले का नाहीत?"

"ईशान्येला हात लावायचा म्हणजे तुला विचारायला हवं ना."

इथं खरं लिहिते, कारण ही वही कुणी वाचत नाही. मला भीती वाटते. लेकीला नऊ वर्षांनी मूल झालं, तेव्हा मी मनात ईशान्येलाच नमस्कार केला होता. मुलाची मस्कतची नोकरीही ईशान्येच्याच खात्यावर आहे. पाइप कापला आणि उद्या फोन आला तर? तर्क मला पाठ आहे. भीतीला तो पाठ नाही.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

सभा झाली. मी उभी राहिले आणि म्हणाले, चूक माझी आहे. पाणी पुढं आणलं ते मी. ते मागं न्यायचं आहे. अर्ज मागं घेऊ. एवढंच. पाच मिनिटंही बोलले नाही. ओळ नव्हती, दाखला नव्हता, आवाजसुद्धा मध्येच बसला.

गुरुसिद्धप्पा उठले. "अक्का, तेव्हा तुम्ही ईशान्य म्हणालात, आता नैऋत्य म्हणता. पुढच्या वर्षी आग्नेय असेल, तर आत्ताच सांगून टाका, प्लंबर एकदाच बोलावू."

सगळे हसले. मीही हसले असते, चांगलं होतं.

"आणि माझा थोरला जर्मनीत आहे," ते पुढं म्हणाले. "पाइप फिरवला आणि तो परत आला, तर तुम्ही जेवायला घालाल?"

"घालीन."

"सून पण येईल. ती जर्मन आहे. मुद्दे खात नाही."

पुन्हा हशा. हात वर करायला सांगितलं, तर तीन झाले. एक ह्यांचा, एक डिसोझांचा. त्यांचं पाणी आधीच मागं जातं. तिसरा माझा.

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात पडलेलं भाषण. मागच्या वेळी खोटं सांगितलं नव्हतं, पण तपासलंही नव्हतं, आणि माळ पेटला होता. ह्या वेळी खरं सांगितलं, तर ठिणगीसुद्धा पडली नाही. लोकांना मी काय सांगते ते कधी ऐकूच गेलं नसावं. कसं सांगते तेवढंच ऐकत आले. आणि ती सवय त्यांना लावली मीच.

१९ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी पाइप काढले. ह्यांनी शिडी धरली आणि करवत माझ्या हातात दिली. "तूच काप," म्हणाले. अर्ध्यावर करवत अडकली, तेव्हा वाटलं हा संकेत असेल. हे खालून म्हणाले, "थोडं पाणी लाव, सरकेल." सरकली.

साठ फुटांना सहा इंच उतार दिला. परसाच्या भिंतीत भोक पाडलं. वालाचा अर्धा वेल गेला, उरलेल्याला ह्यांनी नवी काठी बांधली.

तीनला पाऊस आला. मी छत्री घेऊन मागं गेले. पाइपातून आधी पालापाचोळा आला, मग एक मेलेली पाल, मग पाणी. मनगटाएवढी धार दगडांवरून कालव्यात पडली, जराशी थबकली आणि तळ्याकडे निघाली.

दोड्डय्या अज्जा आलेच. त्यांनी काठी त्या धारेत धरली, पाणी काठीला वळसा घालून गेलं. डोक्यावरचा टॉवेल काढून त्यांनी खांद्यावर टाकला.

"एक घर आलं," म्हणाले.

मग मी पुढच्या रस्त्यानं एक्केचाळीसला गेले. तिथं काहीच फरक नव्हता. एका घरानं कसा पडावा? साकम्मा चौथी वीट सरकवत होती. मी खाटेचा पाय उचलून धरला. हे काम मला सव्वीस वर्षांत पहिल्यांदा करायला मिळालं. खाट जड असते.

चन्नबसवय्या माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, ओळ म्हणतील. म्हणाले नाहीत.

"मस्कतहून फोन आला का?" साकम्मानं विचारलं. तिला सगळं कळतं.

"आला. मुलाला बढती मिळाली."

"अरे देवा," ती म्हणाली. "आता तर तुम्ही नैऋत्येवर भाषण कराल."

मी कबूल केलं की मनात आलं होतं.

२० ऑक्टोबर, रविवार

भाषण करणार नाही. चिठ्ठ्या लिहिल्या, हातानं, अडतीस. आज दारोदार सरकवून येईन. मजकूर इथं उतरवून ठेवते.

"हेमगिरी लेआउटच्या रहिवाशांनो,

आपलं सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच आहे आणि ते आपणच बांधलेलं आहे. पावसात आपल्या गच्चीचं पाणी रस्त्यावर येतं, आणि शेवटी चन्नबसवय्या गुरुजींच्या खाटेखाली जातं. खाटेखाली आता चार विटा आहेत. पाचवीवर खाट डुगडुगते.

हे मी तुम्हाला करायला लावलं होतं. तेव्हा तुम्ही मला विचारलं नव्हतं, हे कशावरून. आता विचारा. ह्या आठवड्यात पाऊस येईल, तेव्हा छत्री घेऊन आमच्या घराच्या, सतरा नंबरच्या मागं या आणि कालव्यात पडणारी धार बघा. मला काही विचारू नका, तिच्याकडे बघा.

मग पुढच्या रविवारी, सत्तावीस तारखेला, सकाळी सात वाजता आपल्या ईशान्येचा पाइप कापा आणि मागं वळवा. करवत नसेल तर आमची घेऊन जा."